अजान तीच, मुलूख वेगळा

आपल्याकडे कोणी अमेरिकेला किंवा जर्मनीला निघाला की ‘परदेशी चालला’ असे म्हणतात. दुबई, कुवेत, मस्कत किंवा जिद्दाला निघाला असेल तर ‘बाहेर चालला’ एवढेच. जणू अंगणातून रस्त्यावर जायचे आहे. खेड, चिपळूण, मंडणगड, महाड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात ज्या घरातले कोणीच ‘बाहेर’ नाही असे मुस्लिम घर शोधावे लागते. चाचा तिथे, मामू तिथे, समोरच्या घरातले दोघे तिथे. पाच वेळा अजान ऐकू येते, गोश्त हलालच मिळते, रमजानात दफ्तरांच्या वेळाही कमी होतात. मग परके ते काय उरले, असे सगळ्यांना वाटते.

आमचे म्हणणे असे की या ओळखीच्या अजानमुळेच आपली फसगत होते. जर्मनीला जाणारी मुलगी आधी जर्मन शिकते, तिथली थंडी, कायदे, शिष्टाचार विचारून घेते. निकाहनंतर जिद्दाला जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत सासू मसाला, आमसुले आणि सुकट भरून देते, आणि तयारी झाली! तिला तिथल्या भाषेतले दोन शब्द सांगावेत, तिचे कागद कशावर अवलंबून आहेत हे समजावावे, पुढे होणाऱ्या मुलांची शाळा कोणती याचा विचार करावा, हे कोणाच्या मनातही येत नाही.

नाते जुने आहे हे खरेच. आपले खलाशी मुंबईच्या बंदरातून जहाजांवर चढत, त्यांतले काही केपटाऊनला जाऊन राहिले, आणि तिथे कोकणी मुसलमानांची वस्ती आजही आहे. आखातात तर एके काळी आपला रुपयाच चालत असे. १९५९ साली भारतीय रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, कतार आणि दुबईने १९६६ मध्ये रुपया सोडला, ओमानने १९७० मध्ये. पण जुन्या नात्याने आजच्या सुनेला बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, बोलता येत नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे भाषेची गोष्ट जरा लांबवली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. ‘आम्हाला अरबी वाचता येते’ असे आपल्यापैकी पुष्कळजण सांगतात. त्याचा अर्थ कुरआन शरीफ नाजिरा वाचता येतो. रस्त्यावरच्या पाटीला जेर-जबर नसतात, तिथे गाडी अडते. उर्दू शिकलेल्यांना अक्षरे लवकर लागतात, पण अर्थ दगा देतात. दुकानावर मोठ्या अक्षरात ‘खसम ५० टक्के’ लिहिलेले असते. उर्दूत खसम म्हणजे नवरा, अरबीत सूट! निम्म्या किमतीत काय मिळते आहे ते कळेपर्यंत आपल्या बायका हसून बेजार होतात. कारकुनाने ‘रकम’ विचारली म्हणजे पैसे मागितले असे वाटते, तो मोबाईलचा क्रमांक विचारत असतो. ‘मकतब’ म्हणजे कार्यालय. ‘इजाजा’ म्हणजे रजा. ‘मुदीर’ म्हणजे मॅनेजर, आपल्या उर्दू मासिकांत तो संपादक असतो. ‘मदरसा’ म्हणजे कोणतीही शाळा, विज्ञान आणि गणित शिकवणारीसुद्धा. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पेप्सीच्या बाटलीवर जे लिहितात ते उर्दूवाल्याला ‘बेबसी’ वाचता येते. आणि ‘गरीब’ म्हणजे पैसे नसलेला माणूस नव्हे, परका माणूस.

आकडे आणखी मजेचे. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. चार आणि सहा उर्दूतल्यापेक्षा वेगळे. घराचा क्रमांक, टॅक्सीचा क्रमांक, औषधाच्या बाटलीवरची तारीख यांसाठी हे दहा आकडे आधी शिकायला हवेत. एका संध्याकाळचे काम आहे. ‘सीदा’ म्हणजे सरळ, हे टॅक्सीवाल्याला सांगायला शिकावे लागत नाही, तो शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला आहे. करक चहाचेही तसेच.

नमाजचीही गंमत आहे. कोकणातले आपण बहुतेक शाफई, मराठवाडा-विदर्भातले वाचक बहुतेक हनफी. सौदी आणि कतारमध्ये हंबली वळण, कुवेत आणि अमिरातीत मालिकी, ओमानमध्ये इबादी. ओमानच्या मशिदीत शेजारचा माणूस हात न बांधता उभा असतो. असरची अजान औरंगाबादच्या माणसाला फार लवकर झाली असे वाटते. मुले हे सगळे पाहतात आणि घरी येऊन विचारतात, अब्बा, त्याची नमाज चुकली का? या प्रश्नाचे उत्तर शांतपणे द्यायला बापाला थोडे वाचावे लागते. ईद तिकडे बहुतेक वेळा एक दिवस आधी होते. दादीला ‘ईद मुबारक’ म्हणायला फोन करावा तर दादी रोजात.

बायकांच्या बाबतीत एक मोठा बदल आहे, त्यावर आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही. तिकडच्या पुष्कळ मशिदींत स्त्रियांसाठी वेगळा भाग, वेगळा दरवाजा, वजूची वेगळी जागा असते. गावात जिने मशिदीची पायरी कधी चढली नाही ती सून तिथे तरावीहला जाऊ लागते, तिथेच तिची हैदराबादच्या, केरळच्या, लाहोरच्या बायकांशी ओळख होते. परत आल्यावर गावची मशीद तिच्यासाठी पुन्हा बाहेरूनच पाहायची. वीस वर्षे तिकडून चंदा पाठवून मशिदीचा मजला चढवणाऱ्या घरातल्या बाईला त्या मजल्यावर एक चटईभर जागा का असू नये, हे आम्हाला कळत नाही. जमातीने ठरवले तर हा एका बैठकीचा विषय आहे.

मशीद सोडली तर बाकीचा दिवस बाईला फ्लॅटमध्ये काढायचा असतो. नवरा सकाळी सहाला जातो आणि अंधार पडल्यावर थकून येतो. अंगण नाही, विहीर नाही, कठड्यावरून बोलायला शेजारीण नाही. उन्हाळ्यात खिडकी उघडता येत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये दुपारच्या वेळी उघड्यावरचे काम कायद्यानेच बंद ठेवतात, अमिरातीत साडेबारा ते तीन, त्यावरून उन्हाचा अंदाज यावा. गच्चीवरच्या टाकीतले पाणी इतके तापते की गार पाण्याच्या नळाला हात लावता येत नाही. जुन्या बायका मग गिझर बंद ठेवतात आणि गरम नळ सोडतात, घरातल्या गिझरमधले पाणी तेवढे निवलेले असते. हे कोणी सांगितले नाही तर नवी सून आठवडाभर बाळाच्या अंघोळीसाठी बादल्या भरून निवत ठेवते.

बारा माणसांच्या घराचा स्वयंपाक एकहाती सांभाळणारी बाई अशा दोन खोल्यांत गप्प होते. घरी फोनवर ती ‘मजेत आहे’ सांगते, कारण इथे सगळ्यांना ती सुखात आहे असेच वाटत असते. सासू-सासऱ्यांनी पैसे पोहोचले का हे मुलाला विचारावे, पण सुनेला तू आज कोणाशी बोललीस हेही विचारावे. तिचा स्वतःचा फोन हवा, तिचे ओळखपत्र तिच्याच पर्समध्ये हवे, इमारतीचे नाव आणि रस्ता तिला अरबीत सांगता यायला हवा. मदतीचे क्रमांक तोंडपाठ हवेत: कुवेतमध्ये ११२, दुबई आणि कतारमध्ये ९९९, ओमानमध्ये ९९९९. सौदीत जून २०१८ पासून स्त्रिया मोटार चालवू शकतात. आपल्या मुली रत्नागिरीत स्कूटर चालवतात आणि दम्मामला गेल्यावर दवाखान्यासाठी नवऱ्याच्या सुट्टीची वाट पाहतात. परवडत असेल तर परवाना काढून घ्यावा.

आता कागदांचे. इकामा या शब्दाचा अर्थ राहण्याचा परवाना, आणि बायकामुलांचा परवाना बापाच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी संपली की सगळ्यांचेच दिवस मोजायला लागतात. मूल तिथे जन्मले, तिथेच बोलायला शिकले, तरी त्या जन्माने त्याला तिथले नागरिकत्व मिळत नाही. आणि इथले आपोआप मिळते असे समजू नये. परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद आपल्या वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी, अर्ज, खेपा. चाळीस दिवसांच्या गडबडीत हे राहून जाते, म्हणून इथल्या आजोबांनी आठवण करावी.

हे दिवस किती अचानक संपतात याच्या आठवणी आपल्या घराघरांत आहेत. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, आणि पुढच्या दोन महिन्यांत सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. आमच्या भागात त्या वेळी आलेल्या घरांत अजूनही कुलूप लावून सोडलेल्या कुवेतच्या घराच्या किल्ल्या जपून ठेवलेल्या आहेत. २०२० च्या साथीत पुन्हा तशीच विमाने आली. मधला धक्का शांतपणे आला. सौदीने जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिना १०० रियाल शुल्क लावले, दर वर्षी १०० ने वाढवत २०२० मध्ये ते ४०० वर नेले. बायको आणि तीन मुले असतील तर वर्षाला १९,२०० रियाल. पाच-सहा हजार पगाराच्या माणसाने काय करावे? त्याने बायकामुलांना गावी पाठवले आणि स्वतः पुन्हा खाटेपुरत्या जागेत राहायला गेला.

ती मुले आमच्या वर्गात आली. परक्या मुलखाशी जुळवून घेणे काय असते ते आम्ही त्यांच्यात पाहिले, आणि तो परका मुलूख म्हणजे त्यांचे स्वतःचे गाव होते.

आठवीत बसलेला उंच मुलगा. इंग्रजी फाडफाड, गणित उत्तम, संगणक आमच्यापेक्षा बरा. मराठीचे पुस्तक उघडले की पहिलीतल्या मुलासारखा बोट ठेवून वाचतो. ‘ळ’ त्याला उच्चारता येत नाही, जोडाक्षर दिसले की थांबतो. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे इंग्रजी किंवा उर्दू माध्यमात घातले तरी सुटका नाही. चौथीत आपल्याकडे शिवछत्रपतींचा इतिहास असतो, वर्गातल्या प्रत्येक मुलाला गडांची नावे येतात. या मुलाने दोहाच्या शाळेत दिल्लीच्या मंडळाची पुस्तके वाचलेली असतात. नानीचे घर मुरुड तालुक्यात, जंजिरा तिथून दिसतो, पण तो किल्ला कोणाचा आणि तो कोणी घ्यायचा प्रयत्न केला हे त्याला ठाऊक नसते.

पुस्तकाचे तरी भरून निघते. बाकीच्याला वेळ लागतो. तिकडे मुले दारातून बसमध्ये आणि बसमधून दारात. इथे शाळेला चालत जायचे, वाटेत वहाळ, जुलैचा पाऊस, वीज गेलेली. आम्ही ढगांच्या गडगडाटाने टेबलाखाली शिरलेली सहावीतली मुलगी पाहिली आहे. वाटेत भेटेल त्या प्रत्येक मोठ्या माणसाला सलाम करायचा असतो हे त्यांना माहीत नसते. तिकडे अनोळखी माणसाशी बोलू नको असे शिकवलेले, आणि इथे न बोलणाऱ्याला गाव ‘माजोरडा’ ठरवून टाकते. बिचारे पोर घाबरलेले असते.

मित्रांचे सांगायला हवे. तिथे एका इमारतीत केरळचा, मिसरचा, फिलिपाईन्सचा आणि पाकिस्तानचा मुलगा एकत्र वाढतात, एकाच कॅरमवर खेळतात. इथे आल्यावर वर्गात ‘माझा जिवलग मित्र’ हा निबंध लिहायला दिला, तर एखादा मुलगा सरळ लिहून जातो की माझा मित्र कराचीचा आहे. दुसऱ्या दिवसापासून त्याला त्यावरून चिडवायला सुरुवात होते. घरचे घाबरून सांगतात, हे कुठे बोलायचे नाही. आम्हाला हे पटत नाही. मुलाने मित्राचे नाव लिहिले आहे, गुन्हा केलेला नाही. अशा वेळी पालकांनी मुलाचे तोंड बंद करण्याऐवजी वर्गशिक्षकांना येऊन भेटावे. तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला, त्या मुलाला तिथल्या खेळांबद्दल दोन प्रश्न विचारले, की चिडवण्यातली हवा बहुतेक वेळा निघून जाते. बहुतेक वेळा म्हणतो, नेहमी नाही.

आणि दादी. दादीला घरातली कोकणी बोली तेवढी येते. नातवाला इंग्रजी आणि टीव्हीतली हिंदी. चार वर्षे व्हिडिओ कॉलवर दोघे एकमेकांना हात हलवत होते, ते चालून गेले. आता एका घरात राहायचे तर दादी त्याला पाणी आणायला सांगते आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहतो. सून मध्ये दुभाषी. हे आम्हाला मराठीतल्या नापासापेक्षा जास्त लागते, कारण ते कोणत्या परीक्षेत भरून काढायचे?

आमचा आग्रह म्हणून घरच्या बोलीचा आधी. आईबापांनी मुलाशी तिथेही आपल्याच बोलीत बोलावे. इंग्रजी शाळा शिकवते, अरबी अमिरातीसारख्या देशांत शाळेत सक्तीचीच असते, हिंदी कानावर पडतेच. बोली मात्र आईने नाही दिली तर दुसरे कोणी देणार नाही. दुसरे, रोज दहा मिनिटे देवनागरी. बालभारतीची पुस्तके संगणकावर मोफत उतरवून घेता येतात, उर्दूचीही. मराठी माध्यमाचे जड गेले तर इतर माध्यमांसाठी असलेले ‘सुलभभारती’ घ्यावे, पुढे तेच लागणार आहे. उर्दूचे कुरआन शिकवणाऱ्या मौलवींकडे आपोआप होईल असे धरून चालू नये, ते अक्षरओळख देतात, वाक्य लिहायला शिकवत नाहीत.

तिसरी गोष्ट फार थोड्या घरांना सुचते. आखातातल्या भारतीय शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू झालेल्या असतात. म्हणजे रजेवर गावी आलेले मूल महिना-दीड महिना गावच्या शाळेत बसू शकते. पटावर नाव नाही, परीक्षा नाही, मुख्याध्यापकांना विनंती करून नुसते वर्गात बसायचे. आमच्या शाळेत दरवर्षी असे दोन-तीन पाहुणे असतात. पहिले तीन दिवस रडतात, चौथ्या दिवशी खिडकीतून बेडूक पकडायला बाहेर जाण्याची परवानगी मागतात. ती मागतात मात्र मराठीत, कारण वर्गात दुसरी कोणती चालत नाही. कायमची परत आलेली मुले आणि ही उन्हाळी पाहुणी मुले यांच्यात पुढे फरक दिसतो. पाहुणा म्हणून बसलेल्याला गावात निदान चार मुलांची नावे ठाऊक असतात, आणि कायमचे यायची वेळ आली तर तो ओळखीच्या बाकावर येऊन बसतो.

येत्या जुलैत कोणाची नातवंडे येणार असतील त्यांनी मुख्याध्यापकांना आधीच भेटून ठेवावे. वयाचा दाखला आणि तिथल्या शाळेचे ओळखपत्र सोबत असले तर बरे. चाकांचे दप्तर आणू नये, आमच्या पायवाटेवर ते चालत नाही. एक दोनरेघी वही, एक पेन्सिल, मोठी छत्री आणि चिखलात चालतील अशा चपला, एवढे पुरते.